‘तोंड कळकलंय’ : कानाच्या शस्त्रक्रियेनंतर अर्ध्या जिभेची गेलेली चव

“डॉक्टर, चार महिने झाले, तोंड कळकलंय माझं.”

कान-नाक-घशाच्या ओपीडीत इतकी वर्षं बसते आहे, पण हा शब्द तिथे कधी कानावर आला नव्हता. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक नाहीतर आमटी राहिली की ती कळकते, म्हणजे भांड्याच्या धातूची चव धरते. स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या पिढीला हे सांगून कळायचं नाही. शेजारी बसलेल्या कनिष्ठ डॉक्टरनं केसपेपरवर ‘मेटॅलिक टेस्ट’ एवढंच लिहिलं. चूक नव्हतं, पण अर्धं होतं. आमटी कळकली असं म्हणताना दोष आमटीचा नाही, भांड्याचा आहे, हे बोलणाऱ्याला माहीत असतं. या बाईंनी निदानाचा अर्धा रस्ता त्या एका शब्दात पार केला होता.

रुग्ण ४६ वर्षांच्या, तालुक्याच्या गावी डबे आणि सणासुदीची जेवणं करून देणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका रुग्णालयात त्यांच्या डाव्या कानाची शस्त्रक्रिया झाली होती. आजार ओटोस्क्लेरोसिस. मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. त्यातल्या रिकिबीचा तळ या आजारात भोवतीच्या हाडाला घट्ट धरतो आणि आवाजाची थरथर आत पोहोचेनाशी होते. बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो. शस्त्रक्रियेत रिकिबीच्या तळाला बारीक भोक पाडून तिथे छोटा कृत्रिम दांडा बसवतात. त्यांचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. “आता कुकरची शिट्टी मोजता येते,” असं त्या हसून म्हणाल्या. तक्रार कानाची नव्हतीच.

टाके निघाल्यावर आठवड्याभरात तोंडात पैसा धरल्यासारखी चव यायला लागली. जिभेची डावी कड ‘मेल्यासारखी’ वाटू लागली. सगळ्यात वाईट म्हणजे मिठाचा अंदाज चुकायला लागला. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, आणि एका आठवड्यात दोनदा आमटी खारट झाली म्हणून डबा परत आला. गावातल्या डॉक्टरांनी साखर आणि मीठ जिभेवर ठेवून विचारलं, त्यांनी दोन्ही बरोबर ओळखलं. मग बी कॉम्प्लेक्स झालं, झिंक झालं, आणि शेवटी ‘ऑपरेशनचं टेन्शन घेतलंय तुम्ही’ हेही झालं.

मी एकच प्रश्न विचारला, “आमटी चाखता कशी?”

त्यांनी डावा तळहात पुढे केला, पळीनं त्यावर थेंब टाकल्याचं दाखवलं आणि जिभेचं टोक लावलं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच चाखतात. पण त्यांनी मान किंचित वळवली होती आणि जिभेची डावी बाजू टेकवली होती. जेवायला बसल्यावर मात्र मीठ जास्त झाल्याचं त्यांनाही कळत होतं. चाखताना कळत नाही, जेवताना कळतं. वरवर विसंगत वाटणारं हे वाक्य शरीररचनेच्या दृष्टीनं अगदी सुसंगत आहे. कसं ते सांगायला जरा जिभेत उतरावं लागेल.

जिभेवर काय असतं

आरशात जीभ बाहेर काढली की जे ठिपके दिसतात त्यांना पुष्कळ जण रुचिकलिका म्हणतात. ते ठिपके म्हणजे अंकुर. रुचिकलिका त्यांच्या आत असतात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. एकीची उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. जिभेला मखमली खरखरीतपणा देणारे धाग्यासारखे अंकुर संख्येनं सर्वांत जास्त, पण त्यांत एकही रुचिकलिका नसते. पुढच्या भागात विखुरलेले लालसर, अळंबीच्या आकाराचे अंकुर असतात, आणि त्यांच्या माथ्यावर सरासरी तीन ते पाच कलिका. मागच्या कडांना घड्यांसारखे अंकुर. आणि अगदी मागे, उलट्या ‘व्ही’च्या रेषेत, भोवती खंदक असलेले ८ ते १२ मोठे अंकुर. खंदकाच्या भिंतींत प्रत्येकी शेकडो कलिका बसलेल्या असतात, आणि खंदक धुऊन काढायला तळाशी फॉन एबनरच्या ग्रंथी असतात. जिभेवरच्या निम्म्याच्या आसपास कलिका या मागच्या रांगेतच आहेत. उंदराला हा खंदकवाला अंकुर एकच असतो, बरोबर मध्यरेषेवर. टाळूच्या मऊ भागात आणि घशाशी, कंठच्छदावर (श्वासनलिकेच्या झाकणावर) देखील कलिका असतात. त्या माणसं विसरतात.

एक कलिका म्हणजे ५० ते १०० लांबट पेशींचा गड्डा. १८६७ साली स्वीडनमध्ये लोवेन आणि जर्मनीत श्वाल्बे यांनी, एकमेकांवर न विसंबता, सस्तन प्राण्यांतल्या या कलिकांचं वर्णन केलं. स्वीडिश भाषेत आजही त्यांना ‘चवीचे कांदे’ अशा अर्थाचा शब्द आहे. मला मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्या नेहमी लसणीच्या गड्ड्यासारख्या दिसतात: पाकळ्या उभ्या, खाली फुगलेल्या, वर निमुळत्या होत एका बारीक भोकाशी जमलेल्या. त्या भोकातून पेशींची टोकं लाळेत डोकावतात.

गड्ड्यात चार प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या सगळ्यात जास्त. त्या इतरांना वेढून राहतात आणि सांडलेली रसायनं आवरतात. घरातल्या बाईसारखं त्यांचं काम, असणं कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पेशी गोड, कडू आणि उमामी (मांसरसासारखी पाचवी चव) ओळखतात, पण एक पेशी साधारण एकाच चवीची. गोडासाठी टी१आर२ आणि टी१आर३ या ग्राहींची, म्हणजे चवीचा रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, जोडी लागते. मांजरांत यातल्या पहिल्याचा जनुक मोडलेला आहे, हे २००५ साली सिद्ध झालं; म्हणून मांजराला साखर गोड लागत नाही. कडूसाठी माणसात सुमारे २५ वेगवेगळे ग्राही आहेत. विषं बहुधा कडू असतात, तेव्हा पहारेकरी जास्त हवेतच. तिसऱ्या प्रकारच्या पेशी आंबट ओळखतात, आणि मज्जातंतूशी नेहमीच्या पद्धतीचा जोड फक्त त्यांचाच असतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशींना तसा जोड नाही. त्या एका वाहिनीतून एटीपी हे रसायन सरळ बाहेर सोडतात आणि शेजारचा तंतू ते टिपतो. २००५ सालीच उंदरांत दाखवलं गेलं की तंतूवरचे एटीपीचे ग्राही काढून टाकले तर चवीच्या मज्जातंतूंचा चवीला मिळणारा प्रतिसादच नाहीसा होतो. चौथ्या पेशी तळाशी बसलेल्या. त्या पुढे वाढून इतरांची जागा घेतात.

जागा सतत घ्यावीच लागते. उंदरांत चवीची पेशी सरासरी दहाएक दिवस जगते, काही त्याहून बऱ्याच जास्त. म्हणजे गेल्या महिन्यातल्या आमटीची चव घेतलेल्या पुष्कळशा पेशी आज नाहीतच. तरी मीठ खारटच लागतं, कारण नव्या पेशीला तिचा तंतू सापडतो.

आणि तंतूवाचून कलिकाच टिकत नाही. १८७७ साली फिंटशगाऊ आणि ह्योनिगश्मीड यांनी सशांमध्ये जिभेचा मागचा मज्जातंतू कापला, तर मागच्या अंकुरांतल्या कलिका झडून गेल्या. तंतू परत वाढला की कलिकाही परत येतात. वीज गेली की दिवा विझतो, दिवा वितळून जात नाही; इथे मात्र तारेबरोबर दिवाच जातो. तंतू केवळ बातमी नेत नाही, तो कलिकेला पोसतो. त्यानं पुरवलेल्या खुणांपैकी एक ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं प्रथिन आहे. त्वचेच्या एका कर्करोगावर याच प्रथिनाचा मार्ग अडवणारं औषध देतात, आणि त्या रुग्णांची चव बिघडते, हे त्यामुळे नवलाचं नाही. पण नव्या पेशीनं कोणती चव ओळखायची, हे तंतू ठरवत नाही. १९६७ साली ओकली यांनी उंदरांत पुढचा तंतू मागे आणि मागचा पुढे असा उलटसुलट जोडला. पुढे गेलेला तंतू पुढच्या जागेच्या चवी सांगू लागला.

कानातून जाणारी चव

बाईंच्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. जिभेला चवीची एकच नस नाही. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांना क्रमांक आहेत. पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव त्यातल्या सातव्याची, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या फेशियलची, शाखा नेते. मागच्या तृतीयांशाची, खंदकवाल्या अंकुरांसकट, नववा नेतो. घशाशी दहावा. टाळूची चव परत सातव्याचीच, पण दुसऱ्या शाखेतून. ती शाखा बरीच वर, सातवा गुडघ्यासारखा वळतो तिथल्या गाठीजवळच वेगळी होते. हे सगळे मेंदूच्या खालच्या भागातल्या एकाच केंद्रात उतरतात आणि तिथून मेंदूतल्या थॅलॅमस या टप्प्यामार्गे इन्सुला नावाच्या घडीत जातात. (उंदरात मध्ये आणखी एक थांबा आहे, उंदरावरून माणसाचं बोलताना हे ध्यानात ठेवावं लागतं.) डावी आणि उजवी अशी या सगळ्यांची जोडी.

पुढच्या भागाची जी शाखा, तिचं नाव कॉर्डा टिम्पनी, म्हणजे ढोलाची दोरी. नाव पडलं ते तिच्या विचित्र वाटेमुळे. जिभेची नस असून ती कानातून जाते. सातव्या मज्जातंतूपासून ती कवटीबाहेर पडण्याच्या जरा आधी सुटते, उलटी वर चढून मधल्या कानात शिरते, पडद्याच्या आतल्या अंगानं हातोडीचा दांडा आणि ऐरणीची लांब टोकडी यांच्या मधून, उघड्यावरून जाते, पुढच्या फटीतून बाहेर पडते आणि मग जिभेच्या संवेदनेच्या नसेत मिसळते. फ्रेंच शरीरक्रियातज्ज्ञ क्लोद बेर्नार यांचा १८४३ सालचा पहिला शोधनिबंध याच नसेवर होता. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या लाळग्रंथींना पाझरायचा हुकूमही हीच नस नेते.

रिकिबीवर काम करणाऱ्या सर्जनच्या डोळ्यांसमोर ही दोरी आडवी येते. ती बाजूला सारावी लागते, ताणावी लागते, कधी कापावी लागते. यात हलगर्जीपणा असतोच असं नाही. भल्याभल्यांच्या हातून हे होतं, माझ्याही हातून झालं आहे. हलगर्जीपणा पुढचा: बाईंच्या संमतिपत्रावर ऐकू येणं, चक्कर, चेहरा वाकडा होणं हे सगळं छापलेलं होतं, चवीचं नाव नव्हतं. जिचं पोट चवीवर चालतं तिला ही एक ओळ सांगायला हवी होती.

तपासणी

डावा कान भरून आलेला, पडदा चांगला. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या हलत होत्या, म्हणजे सातव्याचं मुख्य खोड शाबूत. जिभेच्या पुढच्या भागावर खाण्याचा निळा रंग लावला. धाग्यासारखे अंकुर निळे होतात, अळंबीसारखे गुलाबी राहतात. कागदाच्या भोकाला लावायची गोल चिकटपट्टी ठेवून तिच्या आतले गुलाबी ठिपके मोजले. उजवीकडे वीसच्या वर. डावीकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही चपटे.

विजेचा बारीक प्रवाह देऊन चव मोजणारं यंत्र माझ्याकडे नाही. कापसाच्या काड्या आहेत. साखरेचं पाणी, मिठाचं, लिंबाचं आणि काडेचिराइताचा काढा. कडू नेहमी शेवटी, कारण ते रेंगाळतं. जीभ बाहेर धरायची, कोरडी करायची, काडी टेकवायची, आणि जीभ आत न घेता समोरच्या पुठ्ठ्यावर बोट दाखवायचं. जीभ आत घेतली की चाचणी संपली. पाणी सगळीकडे पसरतं आणि दुसऱ्या नसा उत्तर देतात. उमामी मी वगळते. जिचं नावच माहीत नाही ती चव बोटानं कशी दाखवणार?

उजवी पुढची बाजू: चारही बरोबर. मागची दोन्ही अंगं आणि टाळू: बरोबर. डावी पुढची बाजू: चारही वेळा बोट ‘नुसतं पाणी’वर. गार लागतं, ओलं लागतं, चव नाही. त्यांच्या यजमानांचा विश्वास बसेना. त्यांनी काडी स्वतःच्या जिभेला लावून बघितली आणि तोंड वाकडं केलं. काढा होता तो.

मग मी चाचणीत नसलेलं केलं. डाव्या बाजूला मिरचीचं पाणी लावलं. “भाजलं की!” सुपारीचं पाणी लावलं. जीभ आखडली, तीही डावीकडे. आपले षड्रस सहा: गोड, आंबट, खारट, कडू, तिखट, तुरट. त्यातले चार गेले आणि दोन राहिले. तिखट आणि तुरट रुचिकलिकांचे नाहीतच. ते स्पर्श आणि दाह नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचे, आणि तो कानातून जात नाही. रसांची यादी करणाऱ्यांनी तोंडात जे जाणवतं ते सगळं मोजलं, यात काही चूक नाही. पण एका आजारी जिभेवर त्या यादीची चार-दोन अशी फाळणी बघायला मिळणं ही माझ्यासाठी त्या दिवसाची कमाई होती.

शेवटी एक घोट मिठाचं पाणी तोंडभर फिरवायला दिलं. “खारट.” कुठे? “सगळीकडे.” डावीकडेसुद्धा? “हो, डावीकडेसुद्धा.”

गावातल्या डॉक्टरांची चाचणी इथे फसली होती. चव कुठून आली हे मेंदू बऱ्याच अंशी स्पर्शावरून ठरवतो. पाणी डाव्या कडेला लागलं, ते कळलं. खारटपणा उजवीकडून आणि मागून आला. मेंदूनं दोन्ही जोडून दिलं. त्यामुळे अर्धी जीभ गेलेली असूनही तोंडभर चव ‘असते’. पुष्कळ रुग्णांना गेलेली चव आयुष्यभर कळत नाही ती म्हणूनच. या बाईंना कळली, कारण त्या दिवसातून वीस वेळा तळहातावरचा थेंब त्याच कोपऱ्यानं टिपत होत्या.

कळकलेपणाचं काय? तोंडात खरंच काही धातूसारखं असतं तर जीभ बधिर केल्यावर ती चव थांबायला हवी. बधिर करणारं औषध तोंडात फिरवायला दिलं. चव वाढली. म्हणजे ती तोंडातून येत नव्हती, वरून येत होती. चवीच्या नसा मेंदूत एकमेकींना दाबून धरतात असं मानलं जातं. कॉर्डा टिम्पनी तात्पुरती बधिर केली तरी मागच्या भागाचं कडू तीव्र होतं आणि नसलेल्या चवी उमटतात, हे चवीवर संशोधन करणाऱ्या लिंडा बार्टोशुक यांच्या गटानं दाखवलं आहे. एक सून गप्प झाली की दुसरीचा आवाज चढतो, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना लगेच पटलं. “कारलं हल्ली घशाशी फार कडू लागतं,” हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

पुढे काय झालं

ऑपरेशनची नोंद मागवली. ‘कॉर्डा ताणली, सलग ठेवली’ असं त्यात होतं. पुष्कळ सर्जनचा अनुभव असा की कापलेल्या नसेपेक्षा ताणलेली नस जास्त कुरकुर करते. बहुतेकांची तक्रार वर्षभरात ओसरते, नस जुळो वा न जुळो. याला भरवशाचं औषध नाही, आणि मी ते तसंच सांगितलं. झिंक बंद केलं. रक्तात ते कमी नव्हतं. चाखायचा हात बदलायला सांगितला: थेंब उजव्या तळहातावर, जिभेची उजवी बाजू. ते नाहीच जमलं तर एक घोट तोंडभर घ्यायचा.

त्यावर त्या म्हणाल्या, “नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही चाखतच नाही. गणपतीत शंभर माणसांचं मीठ हाताच्या अंदाजानं घालते. मग रोजच घालीन तसं.” आणि त्यांनी तेच केलं. जिभेपेक्षा मुठीवर विसंबल्यापासून डबा परत आला नाही.

सातव्या महिन्यात कळकलेपणा दिवसातून काही तासांवर आला. अकराव्या महिन्यात तो गेला होता. डाव्या पुढच्या बाजूला गोड आणि खारट कळू लागलं, आंबट कधी हो कधी नाही, कडू नाहीच. गुलाबी ठिपके वाढले होते, तरी उजवीइतके नव्हते.

खरा पेच मात्र तेव्हा समोर आला. ओटोस्क्लेरोसिस पुष्कळदा दोन्ही कानांत असतो. त्यांचा उजवा कानही उतरत चालला होता, आणि पहिल्या रुग्णालयानं त्याची तारीख सुचवली होती. ऑपरेशनचा निकाल डाव्यासारखाच चांगला लागण्याची शक्यता होती. पण उजवी दोरीही दुखावली तर जिभेचा पुढचा सगळा भाग एका वेळी जाईल, आणि दोन्हीकडच्या लाळग्रंथींचा हुकूम तुटल्यानं तोंड कोरडं पडेल. दुसऱ्या एखाद्या रुग्णाला मी ऑपरेशनच सुचवलं असतं. यांना उजव्या कानासाठी श्रवणयंत्राचा पर्याय समोर ठेवला, तोही डावी बाजू नक्की किती भरते ते कळेपर्यंत. त्यांच्या मुलाचं मत वेगळं होतं: यंत्र म्हणजे म्हातारपण दिसतं, आणि सारखी बॅटरी बघत बसायची. त्याचंही चूक नव्हतं. बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यंत्र बसत नाही वाटलं तर काढता येतं ना? मग ते द्या. नस परत बसवता येत नाही.”

यंत्र लागलं. स्वयंपाकघरात वाफेनं ते दमट होतं, म्हणून फोडणीच्या वेळी त्या ते काढून फडताळात ठेवतात. पुढच्या तपासणीची तारीख दिवाळीनंतरची दिली आहे. त्याआधी फराळाची कामं आहेत. जिभेच्या नकाशावर डाव्या पुढच्या चौकोनात कडूची जागा अजून कोरी आहे.